नाव दीनमित्रकारांचे आणि अंक रद्दीला? वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
आपले सार्वजनिक वाचनालय

स. न. वि. वि.

आपल्या वाचनालयाच्या या वेळच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दोन ठराव लागोपाठ मंजूर झाले. पहिला असा, की वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींसाठी अभ्यासिका करायची आणि तिला ‘दीनमित्र’ साप्ताहिकाचे संपादक, दीनमित्रकार मुकुंदराव पाटील यांचे नाव द्यायचे. दुसरा असा, की त्या मजल्यावर ठेवलेले जुन्या वृत्तपत्रांचे आणि साप्ताहिकांचे बांधीव खंड ‘जीर्ण व निरुपयोगी’ ठरवून निर्लेखित करायचे, म्हणजे दप्तरातून वजा करायचे, आणि निविदा मागवून रद्दीत काढायचे. पहिल्या ठरावाला टाळ्या पडल्या. दुसरा ‘आयत्या वेळचे विषय’ म्हणून आला, तेव्हा मागच्या रांगा चहाकडे निघाल्या होत्या. मी उभी राहिले, पण सभा संपत आली होती आणि मला ‘काय ते लेखी द्या’ असे सांगण्यात आले. म्हणून लेखी देते आहे. उघड देते आहे, कारण वाचनालय गावाचे आहे आणि ते खंडही गावाचेच आहेत.

आधी माझा या गोष्टीशी संबंध काय ते सांगते. मी आपली आजीव सभासद आहे. माझे वडील छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायचे. आधी दुसऱ्याच्या छापखान्यात, मग स्वतःच्या एका ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, निवडणुकीची पत्रके हे पोटाचे काम होते आणि तालुक्याचे एक चार पानी साप्ताहिक हे हौसेचे. शाळा सुटली की मी प्रूफे वाचायची आणि छापून सुटलेले खिळे परत पेटीतल्या ज्याच्या त्याच्या घरात टाकायची. त्या साप्ताहिकाचे अंकही त्याच मजल्यावर आहेत. पण हे पत्र त्यांच्यासाठी नाही. वडिलांच्या अंकांना मी घरी नेऊन जागा देऊ शकते. बाकीच्यांचे काय, हा प्रश्न आहे.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट करते. दोन खोल्यांच्या घरात सहाजण राहतात तिथली मुले अभ्यासाला जाणार कुठे? पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली संध्याकाळी आपल्या पायऱ्यांवर बसून पाठांतर करतात, ते मी रोज पाहते. त्यांना टेबल, पंखा आणि दिवा मिळालाच पाहिजे. आणि मुकुंदरावांचे नाव सुचवणाऱ्या सभासदाचे तर आभारच मानते. आपल्या जिल्ह्यात चौकाला, कमानीला, सभागृहाला नावे द्यायची वेळ आली की ठरलेली चारपाच नावे फिरत राहतात. तरवडीचा हा माणूस त्या यादीत सहसा नसतो.

माझी तक्रार एवढीच आहे की ज्याचे नाव दारावर लावायचे, त्याचे काम आपण त्याच दारातून टेम्पोत भरतो आहोत. वरच्या खंडांत ‘दीनमित्रा’चेही अंक आहेत. सलग नाहीत, काहींची पहिली पाने गेलेली आहेत, पण आहेत. ठराव मांडणाऱ्यांना हे ठाऊक नसावे, असे मी धरून चालते. म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

मुकुंदरावांचा जन्म १८८५चा. ते मूळचे भालेकर. वडील कृष्णराव भालेकर पुण्यालगतच्या भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे, आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले उमदे कार्यकर्ते. शूद्र म्हणून हिणवल्या गेलेल्या, शेतात आणि कारखान्यात राबणाऱ्या लोकांचे स्वतःचे वृत्तपत्र हवे, हे वेड त्यांनी डोक्यात घेतले. समाजातल्या सगळ्यांनाच ही कल्पना पटली होती असे नाही. भालेकरांनी जबाबदारी अंगावर घेतली आणि १ जानेवारी १८७७ला पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. साल बघा. १८७६ ते १८७८ हा दख्खनच्या भीषण दुष्काळाचा काळ. ज्याच्यासाठी पत्र काढले त्या शेतकऱ्याच्या कणगीत दाणा नाही, त्याला अक्षरओळख नाही, आणि ज्याला आहे त्याच्याकडे वर्गणीला पैसे नाहीत. अशा वेळी पत्र काढणारा माणूस एकतर हिशेबात कच्चा असतो, किंवा त्याला हिशेबापलीकडचे काहीतरी दिसत असते.

ओढाताण होणारच होती. १८८० मध्ये ‘दीनबंधु’ मुंबईला गेला आणि नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो चालवला. लोखंडे म्हटले की आपल्याला गिरणी कामगार आठवतात आणि रविवारची सुट्टी. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९०ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. हे पाठ्यपुस्तकात असते. त्या सगळ्या लढ्याच्या मागे दर आठवड्याला निघणारे एक पत्र होते, हे मात्र दोन ओळींत उरकले जाते. लोखंडे फेब्रुवारी १८९७ मध्ये प्लेगात गेले. पुढे वासुदेवराव बिर्जे यांनी पत्र हाती घेतले, आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुलगी विसाव्या शतकाच्या आरंभी एक मराठी वृत्तपत्र चालवत होती! आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलींना हे कुणी सांगितले आहे का?

आता कार्यकारी मंडळाने जरा थांबून विचार करावा अशी गोष्ट. इतक्या वर्षांच्या या पत्राचे अंक आज किती सापडतात? फार थोडे. अभ्यासकांना ‘दीनबंधु’त काय छापून येत होते ते शोधायला इंग्रज सरकारच्या दप्तरात जावे लागते. देशी वृत्तपत्रे काय लिहितात यावर नजर ठेवण्यासाठी सरकार दर आठवड्याला त्यांतल्या मजकुराचा इंग्रजीत गोषवारा करून घेत असे आणि तो गुप्तपणे अधिकाऱ्यांना वाटत असे. ते अहवाल टिकले, कारण सरकारने ते जपले. मूळ मराठी अंक हरवले, कारण आपण ते जपले नाहीत. शेतकऱ्याने शेतकऱ्याच्या भाषेत लिहिलेले वाक्य आज एखाद्या साहेबासाठी केलेल्या इंग्रजी सारांशातून उलटे मराठीत आणायचे, ही नामुष्की कुणाची? मालक-संपादकांची नाही. त्यांनी तर कर्ज काढून छापले होते.

मुकुंदराव तरवडीच्या गणपतराव पाटील यांच्या घरी दत्तक गेले. गणपतरावांनी १८८८ मध्ये ‘दीनमित्र’ नावाचे मासिक सुरू केले होते, पण ते अकाली गेले आणि मासिक थांबले. मुकुंदरावांनी १९१० मध्ये तेच नाव घेऊन साप्ताहिक काढले. त्याच वर्षी कृष्णराव भालेकर वारले. म्हणजे जन्मदात्याचा ध्यास आणि दत्तक पित्याच्या पत्राचे नाव असे दोन्ही वारसे एका तरुणाच्या हाती आले, तेव्हा त्याचे वय पंचवीस होते.

आणि त्याने ते चालवले कुठून? पुण्यातून नाही, मुंबईतून नाही, नगर शहरातूनसुद्धा नाही. नेवासे तालुक्यातल्या तरवडीतून. ज्या तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली म्हणून आपण पैसाच्या खांबाला डोके टेकवतो, त्याच तालुक्यातल्या एका खेड्यात विसाव्या शतकात अर्धशतकाहून अधिक काळ एक वृत्तपत्र छापले जात होते. खेड्यातून चालवलेले देशातले पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. १९१० ते १९६७. या काळात दोन महायुद्धे झाली, इन्फ्लुएन्झाची साथ आली, कागदाची टंचाई आली, पुढाऱ्यांनी पक्ष बदलले, ब्राह्मणेतर चळवळ काँग्रेसमध्ये विरली, देश स्वतंत्र झाला, महाराष्ट्र राज्य झाले. तरवडीहून अंक निघतच राहिला. १९६७च्या डिसेंबरात मुकुंदराव गेले आणि पत्रही संपले. योगायोग असा, की आपल्यासारख्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान देणारा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमही १९६७चाच आहे.

लेखक म्हणूनही ते तिखट होते. गावच्या वतनदार कुळकर्ण्याचा कारभार त्यांनी ‘कुळकर्णीलीलामृता’त पोथीच्या धाटणीने मांडला. ज्या चालीवर पारायण करायचे, त्याच चालीवर लुबाडणुकीची कथा! ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकून हसू यावे आणि मग राग यावा, अशी ती युक्ती होती. सावकार, भट, वतनदार यांच्याविषयीची त्यांची भाषा आज काहींना टोचेल. टोचू द्या. त्या भाषेमागे गहाण पडलेली जमीन आणि न समजणाऱ्या कागदावर उठवलेला अंगठा होता.

पण या पत्रात मला मुकुंदराव संपादकापेक्षा मुकुंदराव प्रकाशक जास्त महत्त्वाचे वाटतात. खिळ्यांत हात काळे केलेल्या घरात वाढल्यामुळे असेल. अग्रलेख लिहायला एक रात्र पुरते. दर आठवड्याला अंक काढायला काय लागते ते विचारा. खिळे झिजतात, नवे शहरातून आणावे लागतात. कानामात्रा तुटतात आणि ऐन वेळी ‘र्‍या’ संपतो. कागदाची रिमे उधारीवर येतात. पावसाळ्यात कागद फुगतो, शाई धरत नाही. कंपोझिटर आजारी पडला तर मालकालाच खिळे जुळवायची स्टिक हातात घ्यावी लागते. अंक छापला की घड्या घाला, पत्त्याच्या पट्ट्या चिकटवा, पोस्ट गाठा. आणि एवढे झाल्यावर वर्षअखेरीस वर्गणीदाराला व्ही. पी. करा, म्हणजे पैसे भरून सोडवून घ्यायचे टपाल पाठवा, जी ‘मालक गावी नाहीत’ असा शेरा घेऊन परत येते. आमच्या घरात परत आलेल्या व्ही. पी.चा गठ्ठा दिवाळीच्या आधी मोजला जाई आणि त्यावर फराळात काय काय करायचे ते ठरे.

प्रत्येक अंकाच्या शेवटी बारीक टायपात एक ओळ असते. हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले. वाचक ती कधीच वाचत नाही. ती शोभेसाठी नसते. १८६७च्या कायद्याने मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव व ठिकाण छापणे बंधनकारक केले, ते अशासाठी की मजकूर खटकला तर कुणाच्या दारात जायचे ते सरकारला कळावे. लेखक टोपणनावामागे लपू शकतो, बातमीदार ‘एक वाचक’ होऊ शकतो. प्रकाशकाला लपायला जागा नसते. गावकीत, भावकीत, कचेरीत, सावकाराच्या ओसरीवर जो काही रोष उमटेल तो या एका ओळीतल्या माणसाने झेलायचा. पुण्या-मुंबईत माणूस गर्दीत मिसळून जातो. तरवडीत कुठे मिसळणार?

म्हणूनच, सभेत एका सन्माननीय सदस्यांनी जे सांगितले की ‘मुकुंदरावांचे लेखन पुस्तकरूपात आले आहे, मग जुने अंक कशाला’, त्याला उत्तर देणे भाग आहे. पुस्तकात संपादक सापडतो. प्रकाशक सापडत नाही. पुस्तक करताना अग्रलेख निवडतात, कथा निवडतात, आणि ते योग्यच आहे. पण जुने साप्ताहिक उघडून पाहा. खेड्यापाड्यांतून आलेली पत्रे असतात. कुठल्या गावात पुरोहिताशिवाय लग्न लागले, कुठे सभा झाली आणि कोण बोलले. पुस्तकाच्या, औषधाच्या, बियाण्याच्या जाहिराती असतात. वर्गणी थकवलेल्यांना केलेली विनवणी असते, कधी हात जोडून, कधी वैतागून. छापखान्याची अडचण झाली म्हणून उशिरा आलेल्या अंकाबद्दलची दिलगिरी असते. यातले काहीही ‘समग्र’ वाङ्मयात जात नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची नावे छापील अक्षरांत पहिल्यांदा उमटली ती याच कोपऱ्यांत. गॅझेटियरमध्ये नाही, बखरीत तर नाहीच.

गेल ऑम्वेट अमेरिकेतून इथे आल्या, ब्राह्मणेतर चळवळीवर संशोधन केले आणि पुढे कासेगावच्याच झाल्या. त्यांच्या त्या अभ्यासात ‘दीनमित्र’ जागोजागी येतो, कारण तेव्हा त्यांना अंक पाहायला मिळाले. बाबासाहेबांचे ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ १९९० मध्ये राज्य सरकारने पुन्हा छापून लोकांच्या हाती दिले, तेही अंक कुणाच्या तरी माळ्यावर, कपाटात, ट्रंकेत टिकले होते म्हणूनच. टिकवणाऱ्याला तेव्हा कुणी शाल-श्रीफळ दिले नव्हते. उलट घरच्यांनी ‘हा कचरा किती दिवस’ म्हणून ऐकवलेच असेल.

आता मुद्द्यांवर येते. माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत.

एक. हे खंड ‘निरुपयोगी’ आहेत हे कुणी ठरवले? ठरावासोबत यादी जोडलेली नाही. कोणते पत्र, कोणत्या सालाचे, किती अंक, कोणत्या अवस्थेत, यातले काहीच सभेपुढे आले नाही. ग्रंथ निर्लेखित करताना दाखल क्रमांकासह यादी करतात, ती समितीपुढे ठेवतात. मग अंकांना वजनकाटा का? ज्या संस्थेत एक कथासंग्रह उशिरा परत केला तर दंडाची पावती फाडली जाते, त्या संस्थेत शंभर वर्षांचे कागद मोजदादही न करता जातात.

दोन. ‘आता सगळे नेटवर असते’ असे ठामपणे सांगण्यात आले. सगळे नसते. मोठ्या शहरांतल्या, मोठ्या घराण्यांच्या वृत्तपत्रांच्या फायली त्यांच्या वारसांनी सांभाळल्या, काहींचे स्कॅनिंगही झाले. तालुक्याच्या साप्ताहिकाला वारस कोण? जिथे ते वाचले गेले ते गाव, म्हणजे आपणच. तरीही कुणाला खात्री असेल तर त्यांनी आपल्याकडच्या प्रत्येक खंडाची संगणकीय प्रत कुठे आहे ते दाखवावे. जेवढ्याची दाखवतील तेवढ्यापुरता माझा आक्षेप मी मागे घेईन.

तीन. ‘वाळवी लागली आहे’. लागली आहे, काही खंडांना, खालच्या फळीवरच्या. गच्ची गळते हे सभासदांनी अभिप्राय वहीत वेळोवेळी लिहिले आहे. वही काढून पाहावी. गळती तशीच राहिली आणि दर्शनी भागाला ग्रॅनाइट लागले. मुळात वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, अल्पायुषी. उजेडाने पिवळा पडतो, ओलीने कुजतो, घडीवर तुटतो. त्याला एरवीपेक्षा जास्त जपावे लागते. आपण त्याला खिडकीखाली ठेवले. आजारी पाडायचे आणि मग आजारी आहे म्हणून घराबाहेर काढायचे, हा न्याय झाला का?

चार. जागेची अडचण. तळमजल्यावरची मागची खोली कुलूपबंद असते. तिच्यात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे: मोडक्या प्लास्टिकच्या खुर्च्या, जुन्या व्याख्यानमालांचे फ्लेक्स, निवृत्त झालेला पाण्याचा कूलर आणि प्रमुख पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले, मला वाटते कायमचेच राखून ठेवलेले, दोन सोफे. ती खोली कोरडी आहे. एवढे सांगून पुढे जाते.

पाच, आणि मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट. अभ्यासिकेच्या फलकाचा मसुदा सूचनाफलकावर लावला आहे. त्यात मुकुंदरावांना ‘थोर समाजसुधारक’ म्हटले आहे. वृत्तपत्राचा उल्लेख नाही, छापखान्याचा नाही, तरवडीचा नाही. महाराष्ट्रात एखाद्याला निरुपद्रवी करायचे असेल तर त्याला ‘थोर समाजसुधारक’ म्हणावे, ही जुनी सोय आहे. आपल्या अभ्यासिकेतली मुले ‘जोड्या लावा’मध्ये दीनमित्र – मुकुंदराव पाटील अशी रेघ ओढतील, एक गुण मिळवतील, आणि त्या भिंतीपलीकडून ‘दीनमित्र’ नुकताच गेला हे त्यांना कळणारही नाही. माझे म्हणणे असे, की परीक्षेच्या तयारीला बसलेल्या मुलीला त्या नावाचा एक खरा अंक हातात धरून पाहता आला, शेवटच्या पानावरची ती बारीक ओळ वाचता आली, तर ती रेघ ओढण्यापलीकडे काहीतरी होईल. सगळ्यांचे होणार नाही. एकीचे झाले तरी चालेल.

आपल्याकडून मी काय मागते आहे ते आता सांगते. निधी उभारा, इमारत बांधा, असे काही नाही.

रद्दीची निविदा तात्काळ थांबवावी आणि तसे सूचनाफलकावर लावावे. बाकी सगळे त्यानंतर.

सर्व खंडांची आणि सुट्या अंकांची यादी करावी. पत्राचे नाव, ठिकाण, तारीख, पानांची स्थिती, आणि शेवटच्या ओळीतले मुद्रक-प्रकाशकाचे नाव. हे काम करायला मी आणि आणखी काही सभासद विनामूल्य तयार आहोत. जुने वळण, मोडी शिरोलेख, तुटलेले टाइप वाचायची सवय आम्हाला आहे.

यादी होईपर्यंत खंड मागच्या कोरड्या खोलीत हलवावेत. उभे कोंबू नयेत, आडवे ठेवावेत, जमिनीपासून वर, भिंतीला न टेकवता. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि हौसेने लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कागद त्यात कायमचा अडकतो.

जे अंक अन्यत्र उपलब्ध नाहीत त्यांची छायाचित्रे घ्यावीत. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. चांगला फोन, सपाट टेबल, खिडकीतला उजेड आणि दोन माणसे पुरतात. अभ्यासिकेतल्याच काही मुलांना हे काम मानधनावर द्यावे अशी माझी सूचना आहे. प्रती कुणालाही पाहता येतील अशा ठेवाव्यात, कुणाच्या तरी पेनड्राइव्हमध्ये नव्हे.

आणि सगळे करूनही वाचनालयाला हे ओझे नकोच असेल, तर खंड रद्दीवाल्याला न देता, यादीसह आणि रीतसर पोच घेऊन, जपणूक करणाऱ्या संस्थेकडे द्यावेत. तरवडीला मुकुंदरावांचे स्मारक आहे. ‘दीनमित्रा’च्या अंकांबाबत पहिली विचारणा तिथे व्हावी हे उघड आहे. बाकीच्यांसाठी विद्यापीठे आहेत, जुनी ग्रंथसंग्रहालये आहेत. पत्रे लिहायला मी तयार आहे, सही आणि शिक्का मात्र आपला लागेल.

फलकाबाबत एक मागणी. ‘थोर समाजसुधारक’ काढून ‘संपादक, मुद्रक व प्रकाशक, साप्ताहिक दीनमित्र, तरवडी (१९१०–१९६७)’ असे लिहावे. आणि जर दुसरा ठराव कायम ठेवूनच पुढे जायचे असेल, तर पहिला मागे घ्यावा. अभ्यासिका विनानावाची चालेल. देणगीदाराचे नाव दिले तरी माझी हरकत नाही, त्यात निदान व्यवहार सरळ आहे.

कार्यकारी मंडळातल्या बहुतेकांना मी ओळखते. कुणी माझ्या वडिलांकडे पत्रिका छापल्या आहेत, कुणाची पहिली कविता त्यांच्या साप्ताहिकात आली आहे. कुणाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मजला मोकळा व्हावा, मुले लवकर बसावीत, पुढच्या तपासणीच्या आत काम दिसावे, एवढाच घाईमागचा विचार असणार. पण निविदा एकदा उघडली आणि टेम्पो एकदा निघाला की पुढच्या सभेत ठराव फिरवून काही उपयोग नाही. लगदा झालेल्या कागदाची दुसरी प्रत निघत नाही.

वाचनालयाच्या घटनेप्रमाणे ठराविक सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलावणे मंडळावर बंधनकारक आहे. त्या अर्जावर सह्या घेणे सुरू झाले आहे. आवश्यक तेवढ्या सह्या झाल्या की अर्ज कार्यालयात आणून देऊ आणि त्याची पोच घेऊ. निविदा उघडायची तारीख त्या सभेच्या पुढे ढकलावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक आजीव सभासद